रायफल, कोयता आणि पावसाळा: गोव्यात सामान निवडताना व सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे माड-सुपारीची बाग आहे. रविवारी मी गावातल्या मुलांना एअर रायफल शिकवते, उरलेले दिवस माड, सुपारी आणि काजूत जातात. मुलांचे पालक, काजूच्या बागेतले शेजारी आणि शहरातून गावात घर बांधायला आलेले लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. गोव्यात वापरून झिजलेल्या रायफलींपेक्षा ठेवून ठेवून गंजलेल्या रायफली मी जास्त पाहिल्या आहेत. त्यामुळे बरीच उत्तरं फिरून ओलाव्यापाशीच येतील.

मुलाला नेमबाजी शिकायची आहे. पहिली रायफल कोणती घ्यावी?

पहिले सहा महिने कोणतीच घेऊ नका. रेंजवरची रायफल वापरू द्या. मुलाचा हात, खांदा, मान आणि उंची बघितल्याशिवाय घेतलेली रायफल बहुतेक वेळा जड तरी पडते, नाहीतर तिचा दस्ता लांब होतो. दहा मीटरच्या स्पर्धेत रायफलीचं कमाल वजन ५.५ किलो आहे. मोठ्यांच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या रायफली चार ते पाच किलोंच्या असतात. अकरा वर्षांच्या मुलीने ते वजन उभ्याने धरलं की ती पाठ वाकवते, आणि एकदा लागलेली ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. लहानांनी आधाराच्या स्टँडवर रायफल टेकवून सुरुवात करावी.

मूल टिकतंय असं दिसलं की मग भारतीय बनावटीची कोंडलेल्या हवेवर चालणारी रायफल बघा. प्रिसिहोलसारख्या कंपन्यांच्या रायफलींवर जिल्हा आणि राज्य पातळीपर्यंत मजेत खेळता येतं. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ, स्टायर ही परदेशी कंपन्यांची नावं ऐकून पालक दडपतात, कर्जही काढतात. तसं करू नका. रायफलीमुळे पडणारा फरक गुण बरेच वर गेल्यावरच दिसतो. त्याआधी फरक पडतो तो उभं राहण्याने, श्वासाने आणि चाप दाबण्याने.

नेमबाज स्वप्नील कुसाळे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिकमध्ये त्याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य जिंकलं. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. घाटाच्या पलीकडे, आपल्यासारख्याच पावसात हे घडलं आहे.

एअर रायफलीला परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची असेल तर लागत नाही. त्याहून मोठा बोअर किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. हे २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. मॅच रायफलीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने सुटतो. हिशोब केलात तर ताकद आठ ज्यूलच्या आसपास येते. म्हणून खेळाच्या रायफलीची चिंता नको. चिंता करा ती ‘खूप जोरदार आहे’ म्हणून कुणी गळ्यात मारलेल्या, कागद नसलेल्या बंदुकीची. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्या. बिल जपून ठेवा आणि रायफल घेऊन प्रवास करताना त्याची प्रत बॅगेत असू द्या.

.२२ ची रायफल हे खरं अग्निशस्त्र. तिला परवाना लागतो आणि परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. खेळाडूंना सवलती आहेत, पण त्या तुमच्या राज्य संघटनेमार्फत लेखी समजून घ्या. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या माहितीवर शस्त्र विकत घेऊ नका.

रानडुकरं बाग उकरतात. एअर रायफल मारली तर पळतील ना?

नाही, आणि मारायचीही नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डुकराला मारत नाही, जखमी करतो. ते जनावर झुडपात जाऊन चार दिवसांनी मरतं, किंवा सकाळी शेतावर जाणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. शिवाय कायदा अगदी स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, तो पहिल्या परिशिष्टात येतो. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

शेतीरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आमच्याकडे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो. दोन्ही कागद वेगळे आहेत. गोंधळ इथेच होतो आणि चांगली माणसं अडकतात.

मला विचाराल तर सौर कुंपण घ्या. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. घरची वीज थेट तारेला जोडणं हा मात्र खून आहे. त्या तारेला जनावरासारखाच शेजाऱ्याचा मुलगाही चिकटतो. वाटेवरच्या फासक्यांचंही तसंच. आमच्या गावातला एक कुत्रा तारेच्या फासात पोटाशी कापला गेला होता. त्याला सोडवताना माझे हात थरथरत होते, ते मी विसरलेले नाही.

छर्रे कोणते?

कागदी लक्ष्यासाठी चपट्या तोंडाचे. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचता येतात. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. प्रत्येक नळीला एखादा व्यास जास्त मानवतो. दोन-तीन डबे आणा, रायफल टेकवून दहा-दहा बार काढा आणि ज्याचा घोळका, म्हणजे भोकांचा पुंजका, लहान पडतो तो ठेवा. छर्रे शिशाचे असतात. सराव झाला की साबणाने हात धुवायचे आणि मगच जेवणाच्या डब्याला हात लावायचा. छर्रा ओठांत धरायची सवय मोठ्यांनाही असते. ती आजच सोडा.

दुर्बीण लावावी का?

दहा मीटरच्या खेळात दुर्बीण चालत नाही. मागच्या बारीक भोकातून पुढच्या कड्याकडे बघायचं असतं.

नुसत्या हौसेच्या रायफलीवर लावायची असेल तर दोन गोष्टी बघा. नळी दुमडून भरायची स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. साधी दुर्बीण या दुहेरी झटक्याने आतून निखळते, म्हणून एअर रायफलीसाठीच बनवलेली घ्या. दुसरं, बऱ्याच दुर्बिणी शंभर मीटरच्या आसपास जुळवलेल्या असतात आणि दहा-पंधरा मीटरवर चित्र धूसर दिसतं. जवळचं अंतर जुळवायचं कडं असलेली घ्या.

पावसाळ्यात रायफल कुठे आणि कशी ठेवायची?

हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारायला हवा, पण लोक गंज दिसल्यावर विचारतात.

माझी स्वतःची पहिली रायफल मी जूनमध्ये तिच्या स्पंजच्या पेटीत, कुलूप लावून, फार काळजीने ठेवली. गणेशचतुर्थीला पेटी उघडली तेव्हा नळीवर नेमका स्पंजच्या आकाराचा तांबूस पट्टा होता. स्पंज हवेतला ओलावा शोषून धातूला चिकटवून ठेवतो. पेटी प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नव्हे. कापडी आणि चामड्याची म्यानंही तशीच.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात राहते. लोखंडाला गंजायला आणि काचेवर बुरशी यायला एवढं पुरे. कपाटातली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची. त्यासाठी स्वस्तातला आर्द्रतामापक आणा आणि आत टांगा. अंदाजावर विसंबू नका.

कपाट लोखंडी, कुलपाचं आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब असावं. आमची घरं चिऱ्यांची. पावसाळी भिंत पाणी पिते आणि कपाटाची मागची बाजू घाम फुटल्यासारखी ओली होते. कपाटाखाली लाकडी फळ्या घाला. आत सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. निळ्यापेक्षा केशरी घ्या, कारण निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. तांदळाची पुरचुंडी ठेवणाऱ्यांनी ती बाहेर काढावी. तिचा उपयोग होत नाही आणि किडे मात्र होतात.

जुन्या घरांत कपाटात पंधरा वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवत. तो उपाय खरा आहे, कारण हवा जराशी तापली की तिची आर्द्रता उतरते. आताचे एलईडी दिवे तापत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही. बल्ब लावलात तर कापड आणि कागद त्याच्यापासून लांब ठेवा.

रायफल नळी खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. दर रविवारी दार उघडून कोरड्या फडक्याने पुसायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पावसाळ्याचे सगळे रविवार ते करावं लागतं.

मोरजी, हरमल, कोलवा अशा किनारपट्टीला राहणाऱ्यांनी हेच सगळं दुप्पट काळजीने करावं. खाऱ्या हवेतलं मीठ धातूवर बसतं आणि स्वतःकडे पाणी ओढून घेतं.

कुठलं तेल लावायचं? घरात खोबरेल आहे.

खोबरेल कोयत्याला लावा, रायफलीला नको. ते काही महिन्यांत चिकट होतं, त्यात धूळ बसते, आणि २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे सत्तरीत पारा त्याखाली जातोच, मग बोल्ट जड चालतो. रॉकेल मळ काढतं, पण मागे धातू उघडा सोडतं. त्यानंतर तेल लावलं नाही तर दोन दिवसांत गंज चढतो.

बंदुकीचं हलकं तेल घ्या आणि फडक्याला थेंबभर लावून धातूच्या बाहेरच्या अंगावर फिरवा. ओघळ दिसला तर जास्त झालं. एअर रायफलीत एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. कोंडलेल्या हवेच्या मार्गात, व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलेंडरच्या तोंडाशी साधं खनिज तेल कधीही घालू नका. मोठ्या दाबाखाली ते पेट घेतं. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही रबरी कड्यांना नखभर. स्प्रिंगच्या रायफलीत आत तेल गेलं तर बार डिझेल इंजिनासारखा भडकतो, आवाज वाढतो आणि सील फाटतं.

नळी किती वेळा साफ करावी?

लोक कमी साफ करून नव्हे, जास्त घासून नळ्या खराब करतात. एअर रायफलीला पाचशे-सहाशे बारांनी नमद्याच्या दोन-तीन गोळ्या पुरतात, त्याही कोरड्या. .२२ च्या काडतुसाला मेणासारखं वंगण असतं. त्याचा पातळ थर नळीला मानवतो, म्हणून नेम बिघडेपर्यंत जास्त छेडू नका. पण पावसात भिजली किंवा पावसाळ्यासाठी ठेवायची असेल तर साफ करून तेलाची चिंधी फिरवा. पुढच्या वेळी पहिल्या बाराआधी ते तेल काढायला विसरू नका. सळई नेहमी मागून घाला. तोंडाकडून घातली तर नळीचं तोंड झिजतं आणि नेम कायमचा जातो.

ठासणीच्या जुन्या बंदुकीचा प्रकार वेगळा. काळ्या दारूची राख पाणी ओढते आणि रातोरात नळी खाते. त्याच संध्याकाळी कढत साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल लावा.

खंडेनवमीला शस्त्रपूजा करतो. त्याने काही बिघडतं का?

पूजा जरूर करा, आमच्या घरी होतेच. हळद-कुंकू, ओल्या अक्षता आणि झेंडूची फुलं रात्रभर धातूवर राहिली तर सकाळी खाली डाग असतो. आम्ही रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघून खात्री करतो, पाटावर कोरडं वस्त्र घालतो, गंध दस्त्याला लावतो आणि नळीवर फक्त फूल टेकवतो. आरती झाली की फूल उचलून पुसतो. नैवेद्याचं पाणी फिरवताना हात लांब. आणि आनंदाने हवेत बार काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

हवेच्या सिलेंडरची मुदत असते का?

असते, सिलेंडरवर लिहिलेली असते. मॅच रायफलीच्या सिलेंडरला बनवणारे साधारण दहा वर्षं देतात. मुदत संपलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. २०० बार दाब म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात पंपातून पाण्याची वाफही आत जाते. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर कोरड्या हवेच्या टाकीतूनच भरा.

नेमबाजीचं जाकीट आणि हातमोज्यांना बुरशी येते.

घामाने भिजलेलं जाकीट बॅगेत कोंबून घरी नेलं की बुरशी येणारच. रेंजवरून आल्यावर रुंद हँगरवर पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. उन्हाने कॅनव्हास आखडतो आणि ताठपणा बदलतो, जो स्पर्धेत मोजला जातो. आत सुती बनियन घाला आणि तो रोज धुवा. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका. पाण्यात बुडवू नका.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. परत आली की गंजलेली असते. काय करावं?

आचारसंहिता लागली की बहुतेक परवानाधारकांना हे करावं लागतं. बाबांची बारा बोअरची बंदूक एकदा दोन महिन्यांनी परत आली तेव्हा तिच्या घोड्यावर पापुद्रे आले होते. बाबा ती मांडीवर घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या बंदुकीने आजोबांच्या काळापासून घर सांभाळलं होतं.

तेव्हापासून आम्ही जमा करण्याआधी तिला तेल नव्हे, दाट ग्रीस लावतो. नळीच्या आतूनही. मग गंजरोधक कागदात गुंडाळून वरून सैल प्लास्टिक. कापडी म्यान देत नाही. चारही बाजूंनी फोटो काढतो, क्रमांक दिसेल असा, आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घेतो. परत आल्यावर बार काढण्याआधी नळीतलं सगळं ग्रीस काढायचं. ते राहिलं तर नळी फुगते किंवा फुटते.

घरामागे सरावाची जागा करता येईल का?

एअर रायफलीची करता येईल. दहा मीटर लांबी हवी, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. लक्ष्यामागे नुसती चिऱ्याची भिंत ठेवू नका, चिरा ढासळतो. माडाच्या खोडावरून छर्रा उलटा येतो. लाकडी खोक्यात वाळू भरा आणि पुढे जुनी रबरी चटई टांगा. बाजूने किंवा मागून कुणी येण्याची वाट नको. डोळ्यांना चष्मा, बघणाऱ्यांनाही. दहाच्या वर्तुळाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून सुरुवातीला मुलांना कोरा कागद द्या. त्यांनी गुण नव्हे, घोळका बघावा.

रानात जाताना पायात काय घालावं?

पावसाळ्यात गमबूट. चामड्याचे महागडे बूट आठवडाभरात कुजायला लागतात. शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पायाला जखम असेल तर अनवाणी उतरूच नका. जळवांना तंबाखू-चुन्याची पुरचुंडी पुरते.

काजूच्या दिवसांत सत्तरीतल्या लोकांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. माकडताप गोचिडीतून येतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५ नंतर आपल्याकडेही लोक दगावले. थंडी सरता सरता ते पाऊस येईपर्यंत धोका जास्त. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातलं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल. घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात आणि आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे बोट फिरवून बघणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. काजूच्या बोंडूखाली पालापाचोळ्यात बसून बी वेचणाऱ्या बायकांना हे सांगा, त्यांच्याकडे कुणी बूट घेऊन जात नाही.

कोयता काळा पडतो आणि धार टिकत नाही.

काळा पडणं वाईट नाही. बोंडूचा आणि सुपारीचा रस लोखंडाला लागला की तसं होतं. कामानंतर चुलीच्या राखेने घासा, धुवा, चुलीपाशी वाळवा, खोबरेल लावा. धार पाण्याच्या दगडावर काढा. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा उतरतो, मग ती धार कधीच टिकत नाही. कोयता अडकवायची आकडी कमरेला मागच्या बाजूला बांधा आणि माडावर चढताना पात्याचं तोंड बाहेर ठेवा.

साप चावला तर पिशवीत काय असावं?

रुंद क्रेप पट्टी, शिट्टी, आणि भरलेल्या फोनवर १०८. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. हातपाय हलू न देता थेट दवाखाना. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरशावर चालतं. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर नाही, म्हणून शक्य झालं तर सापाचा रंग लक्षात ठेवा. त्याला मारायला थांबू नका.

जुनी एअर रायफल विकत घ्यावी का?

घ्या, पण पावसाळ्यात घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारच्या उजेडात बघा. नळीतून पांढऱ्या कागदाकडे बघून आतल्या खाचा चमकतात का पाहा. सिलेंडरची मुदत वाचा. दाब भरून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी काटा उतरलाय का बघा. दस्ता सोडवून त्याच्याखालचा धातू बघायला मागा. गंज तिथे लपतो. विकणारा ते करू देत नसेल तर दुसरी शोधा.